केबिन फिल्टरच्या नावाखाली 7,139 रुपये

चवथीच्या तोंडावर एका गॅरेजने केबिन फिल्टर, म्हणजे गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, बदलण्याच्या नावाखाली माझ्याकडून 7,139 रुपये उकळले आणि फिल्टर बदललाच नाही. चारचौघांत हे सांगताना मान खाली जाते. तरीही लिहीत आहे, कारण पावसाळ्यात गोव्यातल्या कितीतरी गाड्यांच्या एसीला कुबट वास येतो आणि त्याच वासाच्या भांडवलावर हा धंदा चालतो.

आईला दमा आहे. सणासाठी तिला पेडण्याला मूळ घरी न्यायचे होते. एसी लावला की ओल्या गोणपाटासारखा वास यायचा, ब्लोअर पूर्ण वेगात ठेवूनही हवा नीट येत नसे आणि समोरची काच सतत धूसर व्हायची. म्हणून रस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये गाडी दिली. थोड्या वेळाने मालकाने टेबलावर एक मळलेला फिल्टर आणून आपटला आणि म्हणाला, "साहेब, हे बघा, आईंच्या छातीत हेच जातंय." त्यानंतर हातात कागद आला: केबिन फिल्टर 1,450, कूलिंग कॉइलची फोमने सफाई 2,200, एसीचे निर्जंतुकीकरण 1,800, मजुरी 600, आणि या 6,050 रुपयांवर 18 टक्के जीएसटी म्हणून 1,089.

त्या फिल्टरमधून टेबलावर सुकी तांबडी धूळ सांडत होती. हेच मला आजही झोपू देत नाही. श्रावण चालू होता, गाडी रोज फोंडा-पणजी वाटेवर पावसात भिजत होती. अशा दिवसांत गाडीतून काढलेला फिल्टर दमट असतो, बुरशीने काळा पडलेला असतो, त्याच्या घड्यांत पाल्याचे तुकडे अडकलेले असतात. तो कोरडा ठणठणीत फिल्टर खाणपट्ट्यात उन्हाळाभर ट्रकांच्या मागे धावलेल्या कुणाच्या तरी गाडीचा होता आणि गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठीच जपून ठेवला होता. ही धूळ आली कुठून, असा प्रश्न माझ्या मनात आलाही होता. पण समोरचा माणूस आईच्या छातीविषयी बोलत असताना धुळीचा रंग कोण तपासत बसेल? घरात दम्याचा रुग्ण असलेला कुणीही त्या क्षणी खिशात हात घालील. माझ्या गाडीत हा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि तो काढायचा तर आधी तो कप्पा रिकामा करून खाली उतरवावा लागतो. गाडी परत मिळाली तेव्हा कप्प्यातली विम्याची कागदपत्रे, पीयूसी, टॉर्च आणि अंगाऱ्याची पुडी ठेवली होती तशीच्या तशी होती.

चवथ झाली, वास मात्र तसाच राहिला. शेजारी टॅक्सी चालवतात. त्यांनी कप्प्याच्या दोन्ही बाजू दाबून तो खाली उतरवला आणि आतून कंपनीने बसवलेला मूळ फिल्टर बाहेर काढला: काळाकुट्ट, ओलसर, पाल्याने भरलेला. म्हापशाच्या सुट्या भागांच्या दुकानात नवा साधा फिल्टर 380 रुपयांना मिळाला आणि स्क्रूड्रायव्हरही न लागता तो बसला. चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो पाहूनच फिल्टर बसवावा. कागदी फिल्टर धुऊन परत वापरू नये. बिलावर नुसते "एअर फिल्टर" लिहू देऊ नका, कारण इंजिनाचा एअर फिल्टर हा वेगळा भाग आहे आणि त्या दोन शब्दांच्या आड काहीही खपवता येते.

दाद मागायला गेलो तेव्हाचा अनुभव तर फसवणुकीहूनही संतापजनक होता. गॅरेजवाल्याने आधी ओळख दाखवली नाही आणि मग "फिल्टर तुम्हीच परत बदलला असेल" असे सुनावले. पोलीस ठाण्यात हा दिवाणी वाद असल्याचे सांगून अर्जही घ्यायला नकार दिला. भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीविषयीच आहे, असे मी म्हणताच "मग वकील घेऊन या" हे उत्तर मिळाले. ग्राहकांच्या तक्रारींसाठीच असलेल्या एका कार्यालयाने कराचा प्रश्न म्हणून दुसरीकडे पाठवले, तिथून ग्राहकाचा प्रश्न म्हणून परत पाठवले. रक्कम ऐकून एक कर्मचारी हसला. सात हजार रुपये हसण्याइतके कमी वाटत असतील, तर रोज असे किती जण नाडले जात असतील याचा हिशेब त्याने करून पाहावा. आम्ही कर कुणासाठी भरतो?

त्या कागदावर जीएसटी लावला होता, पण नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. नोंदणी नसलेल्याला हा कर घेण्याचा अधिकारच नाही. क्रमांक 15 अक्षर-अंकांचा असतो, गोव्यातला 30 या अंकांनी सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर तो लगेच पडताळता येतो. पैसे देण्याआधी तो पाहा. काम तुमच्या डोळ्यांसमोर करायला सांगा, जुना भाग ताब्यात घ्या आणि गाडी देण्यापूर्वीच फिल्टरच्या चौकटीवर पेनाने खूण करून ठेवा. मुक्कामाला पोहोचण्याआधी काही मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला, तर कॉइल सुकते आणि बुरशीला आळा बसतो. त्या 2,200 रुपयांच्या फोमची वेळही मग सहसा येत नाही.

आता मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार घटनेपासून दोन वर्षांपर्यंत ती करता येते, राहत्या जिल्ह्यात करता येते, आणि व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्कही लागत नाही. हे मला एकाही कार्यालयाने सांगितले नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांकही जवळ ठेवा, आणि कच्च्या पावतीचा कागद कितीही फालतू दिसला तरी फाडून टाकू नका.