लाईट गेल्यावरचं कॉलेज

बेळगावच्या वडगावात माझे साड्यांचे चार माग आहेत. त्या खडखडाटात शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, व्याख्यान कुठलं ऐकणार? म्हणून माझं कॉलेज लाईट गेली की भरतं. माग थांबले की पायरीवर बसायचं आणि कानात इयरफोन घालायचा. वर्षभरात असे तीन कोर्स ऐकले. मुलगी बी.कॉम.ला आहे, तिनंच लावून दिले. "पप्पा, परदेशातल्या युनिव्हर्सिटीचे आहेत, बघा की."

पहिला स्टॅनफर्डच्या रॉबर्ट सापोल्स्कींचा, माणसाच्या वागण्यामागच्या जीवशास्त्रावर. 2010 सालची 25 व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत. माझं इंग्रजी एस.एस.एल.सी.पुरतं, म्हणजे दहावीपुरतं, त्यामुळं वेग पाऊणपट केला आणि खाली अक्षरं लावली. जनुकांचा भाग डोक्यावरून गेला, खोटं का सांगू. पण पहिलं व्याख्यान दोनदा ऐकलं. आपण प्रत्येक गोष्टीचे कप्पे पाडतो. मग एका कप्प्यातले फरक दिसेनासे होतात, आणि मधल्या रेघेच्या अलीकडं-पलीकडं मात्र उगाच मोठा फरक दिसायला लागतो, असा त्याचा गाभा. मला बाची आणि शिनोळी आठवली. शेजारशेजारची गावं, बोली एक, सोयरीक दोन्हीकडं. 1956 साली मधून रेघ गेली आणि एक आजच्या कर्नाटकात गेलं, दुसरं आजच्या महाराष्ट्रात राहिलं. हा माणूस बेळगावला आला असता तर उदाहरणाला कमी पडला नसता.

दुसरा येल विद्यापीठाचा, रॉबर्ट शिलर यांचा. फायनान्शियल मार्केट्स, 2011 ची 23 व्याख्यानं. शिलरना 2013 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मी नावाला भुललो. वाटलं, घरखर्च, कर्ज, भिशी असं काहीतरी निघेल. निघाले रोखे, विमा, बँकांचा इतिहास. घरचा हिशेब शिकायचा असेल तर हा कोर्स घेऊ नका. मी सोडणारच होतो, तेवढ्यात माणूस पैशाच्या बाबतीत कसा चुकतो ते व्याख्यान लागलं. कानेमन आणि त्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडलेलं: शंभर रुपये मिळाल्याचा आनंद लहान, तेच गेल्याचं दुःख मोठं. माझ्या कपाटात 36 साड्या दोन वर्षं पडून होत्या. पडत्या भावात देणार नाही, हा हट्ट. ही रोज सांगायची, "द्या की हो, काठ काळा पडायला लागलाय." तिचं ऐकलं नाही, येलचं ऐकलं! घाट्यात विकल्या, त्या पैशाचं सूत आणलं, माग चालू राहिले. आता ही म्हणते, माझी फी द्या.

तिसरा शिकायचं कसं तेच शिकवणारा, लर्निंग हाऊ टू लर्न. बार्बरा ओकली आणि टेरेन्स सेज्नोव्स्की शिकवतात. ओकलीबाई शाळेत गणितात कच्च्या होत्या, सैन्यात असताना रशियन शिकल्या, पुढं इंजिनिअरिंगच्या प्राध्यापक झाल्या. म्हणून बाईंचं बोलणं पटतं. छोटे व्हिडिओ, सोपं इंग्रजी. आधी हाच घ्या. युक्ती एवढीच: 25 मिनिटं मोबाईल लांब ठेवून एकच काम करायचं, मग उठायचं. अडलं तर सोडून फिरून यायचं, डोकं मागच्या मागं काम करत राहतं. हे आम्हाला नवीन नाही. ताण्याचा, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचा, गुंता ओढून सुटत नाही, चहा पिऊन आल्यावर सुटतो.

या युक्तीवर मी कन्नड वाचायला घेतलं. बोलायला फडाफडा येतं, गिऱ्हाईकच तसं. पण मी मराठी शाळेचा, वाचायची वेळ आली की पोरीला हाक. रोज 25 मिनिटं. मुळाक्षरं पटकन झाली, खाली लोंबणाऱ्या जोडाक्षरांनी मात्र दोन महिने खाल्ले.

परवा वडिलांच्या जमिनीचा कन्नड उतारा स्वतः वाचला. आमच्या आडनावातलं जोडाक्षरच चुकीचं छापलंय. किती वर्षं तसंच होतं काय की.