रुंद काठाची घडीची टोपी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मार्चअखेरीस क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातून मी ही शेवाळी रंगाची टोपी साडेनऊशे रुपयांना घेतली. आता नोव्हेंबर संपत आला आहे आणि या काळात ठाणे ते फोर्ट हा रोजचा प्रवास, लाँचने मांडव्याच्या दोन फेऱ्या आणि माथेरानचा एक चिंब शनिवार तिने काढला आहे. माझी तिच्याबद्दल तक्रार आहे, मात्र घेताना जिथे कमी पडेल असे वाटले होते तिथली ती नाही.

याआधी माझ्याकडे 'पनामा' म्हणून विकली जाणारी टोपी होती. खरी पनामा इक्वेडोरमध्ये टोकिया या ताडासारख्या झाडाच्या पानांच्या धाग्यांपासून विणतात आणि त्या विणकामाला 2012 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थानही मिळाले. माझी मात्र कागदी पट्ट्यांची निघाली आणि वळवाच्या पहिल्याच सरीत तिचा लगदा झाला. त्यामुळे या वेळी माझे सारे लक्ष चिठ्ठीवरच्या 'वॉटरप्रूफ' या एका शब्दाकडे होते.

जूनच्या पहिल्या पावसात तो शब्द खरा ठरला. अळवाच्या पानावरून ओघळावे तसे पाणी काठावरून ओघळत होते. पण स्टेशनपासून ऑफिसपर्यंत पंधरा मिनिटे चालून टोपी काढली, तर केस घामाने डोक्याला चिकटलेले. पाणी बाहेर अडवणारा आतला लेप घामाची वाफही आतच अडवत होता. पुढे ऑगस्टमध्ये तो लेप पापुद्र्यांसारखा सुटू लागला. मुंबईच्या दमट हवेत कपाटात ठेवलेल्या पर्सचेही हेच होते, त्यामुळे आश्चर्य वाटले नाही. उरलेला लेप मी जुन्या टूथब्रशने घासून काढला आणि टोपी खऱ्या अर्थाने वापरण्याजोगी तेव्हापासून झाली. आता ती भिजते, पण पातळ नायलॉनमिश्रित कापड पंख्याखाली रात्रीत वाळते. जोराच्या पावसाला छत्रीला पर्याय नाहीच. भुरभुर असताना मात्र एक हात मोकळा राहतो आणि चष्म्यावर थेंब पडत नाहीत, एवढे मला पुरते.

उन्हाच्या बाबतीत काठाची रुंदीच कामी येते. मी पट्टीने मोजली, ती सात सेंटिमीटर भरली. मेच्या मध्यावर भरदुपारी मुंबईत सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा कपाळ, नाक, कान आणि मान सगळे सावलीत राहते. संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर मात्र तिरप्या उन्हापुढे काठाचा उपयोग नसतो, आणि लाँचवर तर ऊन पाण्यावरून उसळून खालून चेहऱ्यावर येते. काठाची आतली बाजू गडद असल्याने डोळ्यांना तिरीप कमी लागते, हे मला मांडव्याच्या वाटेवर शेजारच्या बाईंची पांढरी टोपी घालून पाहिल्यावर समजले. चिठ्ठीवर यूपीएफ 50 लिहिले होते, म्हणजे कापडातून अतिनील किरणांचा साधारण पन्नासावा हिस्साच आत येतो. पण हा आकडा नव्या कापडाचा, आणि माझे कापड आता पुरेसे विटले आहे.

या टोपीची खरी कारागिरी काठावर आहे. आत ना तार, ना प्लॅस्टिक. बकरमावर, म्हणजे आत घातलेल्या कडक कापडावर, एकाआत एक अशा गोल शिलाईच्या नऊ ओळी आहेत आणि त्यांच्याच जोरावर काठ ताठ राहतो. सकाळच्या गर्दीत लेडीज डब्यात ती चौघडी करून पर्समध्ये कोंबते, उतरल्यावर झटकते, की पुन्हा आकारात येते. माथा खोल असल्याने खाली बांधलेला अंबाडा सांभाळता येतो. क्लचर लावणाऱ्यांनी मात्र आधी घालून पाहावी, कारण क्लचरमुळे टोपी पुढे सरकून भुवयांवर येते. दिसायला ती ट्रेकिंगची वाटत नाही, कुर्त्यावरही शोभते. ऑफिसमध्ये पहिल्या आठवड्यात 'शिकारीला निघालात का' असे विचारणाऱ्या दोघींनी पुढे दुकानाचा पत्ता मागितला.

आता तक्रार. आतली घामपट्टी जाड टॉवेलच्या कापडाची होती आणि बाकी टोपी वाळली तरी ती ओलीच राहायची. मेमध्ये तिच्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या आणि जुलैत दोन दिवस पर्समध्ये विसरले, तर काळी बुरशी धरली. वास तीन धुण्यांनंतरही गेला नाही. शेवटी गल्लीतल्या शिंप्याकडून ती उसवून घेतली आणि मलमलची पातळ पट्टी लावली. साठ रुपये गेले, पण टोपी वाचली. दुसरी घेताना मी आधी आत बोट घालून ही पट्टी चाचपून पाहीन, आणि आपल्या मापापेक्षा एक सेंटिमीटर मोठी घेईन, कारण माझी 57ची टोपी धुतल्यावर किंचित आटली.

हनुवटीखालची दोरी मी बरेच दिवस अडगळ समजून आत खोचून ठेवत असे. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे धुक्यात एका माकडाने काठाला हात घातला, तेव्हा योगायोगाने ती बांधलेली होती. माकडाच्या हाती काही लागले नाही. त्या ओढाताणीत काठावरची एक शिलाई तेवढी उसवली, ती अजून तशीच आहे.