खुडूक कोंबडी आणि अकरा अंडी: कोंबडीला पाच स्टार, अंड्यांना तीन

जोतिबाच्या रस्त्याला एका वस्तीवर एक आक्का खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी विकतात. नुसती कोंबडी नाही, तर आधी पिल्लं काढून वाढवलेली, आत्ता बुट्टीत फुगून बसलेली कोंबडी, आणि सोबत तिच्याखाली घालायला गावठी अंडी. बोर्ड नाही, गुगलवर नाही, सगळं तोंडातोंडी. कोंबडी 700 रुपये, अंडं 20 रुपयाला एक, आम्ही अकरा घेतली कारण आमच्या आत्ती म्हणाल्या अंडी कायम विषम बसवायची, का ते विचारायचं नाही. बाजारात गावठी कोंबडी याच्यापेक्षा स्वस्तात मिळते हे मान्य, पण ती खुडूक कधी होणार आणि बसली तरी एकवीस दिवस टिकणार का हे तुमच्या नशिबावर. इथं जादाचे पैसे त्या खात्रीचे आहेत आणि मला ते वसूल झाले असं वाटतं.

आमच्या खुराड्यात गिरिराज आणि बीव्ही 380 या सुधारित जातीच्या कोंबड्या आधीपासून आहेत, अंडी भरपूर देतात पण बसायचं नाव नाही, कारण जास्त अंडी पाहिजेत म्हणून निवडत निवडत त्यांच्यातली खुडूकच काढून टाकलीय. गावठी बारा-पंधरा अंडी घालते की बसते, म्हणून वर्षाची अंडी कमी पण पिल्लं काढायची तर तिच्याशिवाय पर्याय नाही. आणि हे मला बऱ्याच जणी विचारतात म्हणून इथंच सांगते, दुकानातली ब्राऊन अंडी आणून खाली घातली तर काही निघणार नाही, त्या कोंबड्यांच्यात कोंबडाच नसतो. रंग बघून गावठी समजू नका.

इनक्युबेटर घे असं सांगणारे घरात होतेच. माझ्या दिराकडं पन्नास अंड्यांचं आहे. टेंपरेचर 37.5, अंडी दिवसातनं चार-पाच वेळा फिरवायची, शेवटचे तीन दिवस फिरवणं बंद करून ओलावा 65-70 टक्क्यांवर न्यायचा, आणि पिल्लं निघाली की त्यांना ऊब द्यायला बल्ब लावलेला ब्रूडर वेगळाच. एवढं सगळं करून मे महिन्यात वळीव आला की लाईट जाते ती रात्रभर येत नाही, मग इन्व्हर्टर शोधा. आमच्या कोंबडीनं तोच वळीव पत्र्याखाली गपगार बसून काढला. तिच्या पोटाची पिसं बसायच्या वेळी झडतात त्यामुळं अंडं थेट कातडीला लागतं, फिरवायचं तीच फिरवते, कडेची आत घेते आतली कडेला सारते, आणि वीज बिल शून्य. आक्कांनी बुट्टीत ठेवायला एक कोळसा आणि लोखंडाचा खिळा पण दिला होता, गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून. मला काही पटलं नाही पण ठेवला. त्याचं वजन काय होतंय?

आता सर्व्हिस. दिवसा गेलं तर आक्का कोंबडी देतच नाहीत. "दिवसा नेऊन बशिवलीस तर उठून जाईल पोरी, रातच्याला ने, अंधारात बशीव आणि सकाळपर्यंत बघायला बी जाऊ नगंस," असं म्हणून आम्हाला सरळ परत पाठवलं. तेव्हा राग आला, पेट्रोल काय फुकट येतंय, पण बाई बरोबर होत्या. जागा बदलली की खुडूक मोडायची भीती असते आणि अंधारात कोंबडी हलत नाही. त्यांनीच सांगितलं तसं आधी दोन दिवस साधी अंडी घातली, ती ठामपणे बसलीय म्हटल्यावर रात्री ती काढून खरी अकराच्या अकरा एकदम सरकवली. एकदमच घालायची हे लक्षात ठेवा, आज चार उद्या चार असं केलं तर पहिली पिल्लं निघाली की एक-दोन दिवसात कोंबडी त्यांना घेऊन उठते आणि मागची अंडी तशीच राहतात. अंड्यांवर पेन्सिलीनं खूण पण करायची, कारण बाकीच्या कोंबड्या भरलेली बुट्टी दिसली की तिथंच येऊन घालतात. बुट्टीत खाली थोडी माती, वर पिंजर, आणि कडुनिंबाचा पाला. उवा झाल्या की कोंबडी अंडी सोडून उठते, म्हणून बसवायच्या आधी पंखाखाली आणि शेपटीकडं पिसं उलटी करून बघून घ्या. आमची स्वच्छ होती, त्याचे मार्क आक्कांना.

स्वभाव मात्र कडक. हात घातला की टोचते, पिसं फुगवून असं गुरगुरते की पोरं खुराड्याकडं फिरकली नाहीत. दिवसातनं एकदा उठणार, पंधरा-वीस मिनिटात मका, पाणी, राखेत लोळणं आणि दिवसभराची साठलेली मोठी घाण (वास विचारू नका), की परत जागेवर. एखाद्या दिवशी उठली नाही तर मी उचलून दाण्यापुढं ठेवायची, पायात अंडं अडकलेलं असू शकतं म्हणून सावकाश.

तीन स्टार का ते आता. सातव्या दिवशी रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडी धरून बघितली, चांगल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. अकरात तीन कोरी. पुढं एकात पिल्लू आतच मेलं, ते होतं कधी कधी, त्याचं काही नाही. पण तीन कोरी म्हणजे जास्त झाली. विचारल्यावर कळलं की आक्कांची स्वतःची अंडी कमी पडली की त्या शेजारपाजारनं गोळा करतात, कुठलं अंडं कधीचं याची नोंद नाही, आणि दुसऱ्याकडं आठ-दहा कोंबड्यांमागं एक धडका कोंबडा आहे का नाही हे त्यांना तरी कसं कळणार. उबवायचं अंडं आठवड्याच्या आतलं पाहिजे, धुतलेलं नको, फ्रीजमधलं तर नकोच. तारीख टाकायला काय जातंय, एक पेन्सिल लागते! बदली तीन देते म्हणाल्या, पण मधीच घालून उपयोग नाही हे त्यांनाही माहीत, मग 60 रुपये पुढच्या हिशोबात धरले. तक्रार ऐकून घेतली, वाद घातला नाही, हे मात्र आवडलं. लांबट अंड्यातनं कोंबडा आणि गोल अंड्यातनं तलंग, म्हणजे मादी, निघते असं सांगून त्या निवडून देतात, त्याला भुलू नका, आकारावरनं नर-मादी कळत नाही.

सात पिल्लं निघाली. विसाव्या दिवशी संध्याकाळी आतनं चिवचिव ऐकू यायला लागली आणि कोंबडी वरनं बारीक आवाजात उत्तर द्यायची. टवका पडल्यापासून पूर्ण बाहेर यायला दिवसभर सुद्धा लागतो, सोलून मदत करायला जाऊ नका, आतल्या शिरा सुकलेल्या नसतात आणि रक्त येतं. निघाल्या निघाल्या दाणा टाकायची पण घाई नको, पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू एक-दीड दिवस सहज निघतं. पाणी उथळ ताटलीत, वर खडे टाकून, नाहीतर बुडतात.

दाण्याबद्दल आक्कांचा सल्ला जुना आहे, फक्त कण्या टाका म्हणतात. आम्ही कण्यांबरोबर स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, दिलं, आणि कोंबडीलाही तेच खाऊ दिलं, कारण अंडी घालणाऱ्या कोंबड्यांच्या लेयर फीडमध्ये चुना जास्त असतो आणि तो पिल्लांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पण त्या देत नाहीत, "आमची कधी मेली न्हाईत" म्हणतात. तुम्ही द्या. लासोटा नावाची ही लस, पाच ते सात दिवसात डोळ्यात थेंब. अडचण एवढीच की बाटली शंभर डोसची येते आणि एकदा कालवली की दोन-तीन तासात संपवावी लागते, म्हणून गल्लीतल्या कोंबडीवाल्यांनी एकत्र आणलेली परवडते, किंवा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. घार आणि मांजराचा बंदोबस्त बराचसा कोंबडीच करते, बोक्याच्या अंगावर उडालेली मी बघितलीय, पण मुंगसासमोर तिचं चालत नाही, रात्री जाळी बारीकच पाहिजे.

पिल्लं दोनेक महिन्यांची झाली की कोंबडी त्यांना टोचून लांब करते आणि परत अंडी घालायला लागते. तेव्हा नेऊन दिली तर आक्का 500 ला परत घेतात, म्हणजे कोंबडी 200 रुपये भाड्यानं पडली असं धरा. आमच्यात यावर एकमत नाही, आत्ती म्हणतात ठेवूया, मी म्हणते पुढच्या वेळी परत आणता येईल की.

जाणार असाल तर दिवस मावळल्यावर जा, अंडी समोर पाण्यात घालून न बघता टॉर्चवर आणि सालावर भेगा आहेत का ते बघून घ्या, कधीची आहेत ते आडून आडून नाही तर सरळ विचारा, आणि झाकणाची बुट्टी घरनं न्या, पिशवीत घालून कोंबडी त्या देत नाहीत.