पिकअपचा मागचा ब्रेक ड्रम जाम झालाय: लेथवर टर्न करू, नवा टाकू का डिस्कच बसवू?

कोकणपट्टीत पिकअप चालवणाऱ्यांना हा प्रश्न पावसाळा सरता सरता पडतोच. त्यात गाडी मासळीच्या धंद्यात असेल तर बर्फाचं खारट पाणी सरळ मागच्या ॲक्सलवर ठिबकत राहतं, आणि मग लायनर (ब्रेकच्या शूवरचं घासणारं अस्तर) बघायला चाक खोललं की ड्रम जागचा हलत नाही. गॅरेजमध्ये तीन सल्ले मिळतात: ड्रम लेथवर टर्न करून (म्हणजे आतून कातून गुळगुळीत करून) घ्या, नवा टाका, नाहीतर मागे डिस्कच बसवून घ्या. माझं मत आधीच सांगतो, लोड वाहणाऱ्या गाडीला नवा ड्रम, नवे शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे) आणि नवा व्हील सिलेंडर (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा). पण का ते नीट समजून घ्या, कारण पैसे तुमचे आणि घाटात उतरणार पण तुम्हीच.

पहिली गोष्ट, ड्रम कसा काढला यावरच पुढे काय करता येईल ते ठरतं. ड्रम बिडाचा असतो, कडेवर घण घातला की कड फुटते किंवा बारीक तडा जातो, मग टर्निंगचा विषयच संपला. म्हणून आधी तो कुठे अडकलाय ते ओळखा. गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना दगड, खाली जॅकच्या भरवशावर न राहता स्टँड, हँडब्रेक पूर्ण सोडलेला आणि गाडी न्यूट्रलला. आता ड्रम हाताने फिरवून बघा. फिरतच नसेल तर शू आतून चिकटलेत किंवा हँडब्रेकची केबल गंजून ओढलेलीच राहिलीये. फिरतोय पण बाहेर अजिबात येत नाही, तर हबच्या (ड्रम ज्या मधल्या भागावर बसतो त्याच्या) गोलात गंज धरलाय. आणि थोडा बाहेर येऊन अडतोय, तर ड्रमच्या आतल्या कडेला झिजून ओठ तयार झालाय आणि शू त्याला अडकतायत.

गंज असेल तर हबच्या गोलाला आणि स्टडच्या (चाकाचे नट बसतात त्या बोल्टच्या) मुळाशी गंज सोडवणारं तेल मारा आणि चांगला वेळ द्या, घाई नको. बऱ्याच ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात त्याच मापाचे बोल्ट घालून दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम सरळ बाहेर ढकलला जातो, एकच बोल्ट आवळत बसलात तर ड्रम तिरका होऊन अजून घट्ट बसेल. हातोडा मारायचाच तर स्टडच्या मधल्या सपाट जागेवर, कडेवर नाही. ओठाला शू अडकत असतील तर मागच्या प्लेटचा रबरी बूच काढून स्क्रूड्रायव्हरने ॲडजस्टरचं (शू आणि ड्रममधलं अंतर जुळवणारं) दातेरी चाक उलटं फिरवा, शू आत जातात आणि ड्रम सुटतो. हे पण जमलं नाही तर शू धरून ठेवणाऱ्या पिनांची डोकी प्लेटच्या मागून कापायची, ड्रम शूसकट बाहेर येतो, पिना आणि स्प्रिंगा नव्या लागतात पण ड्रम वाचतो. गॅसची ज्योत मात्र शेवटचा उपाय, शेजारी सील, बेअरिंग आणि ब्रेक ऑइल आहे. आणि आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा.

आता टर्निंग. ड्रमवर मॅक्स डाया म्हणून माप ओतलेलं असतं, टर्न केल्यावर आतला व्यास त्याच्या आत राहिला पाहिजे आणि पुढच्या झिजेला थोडी जागा पण उरली पाहिजे. हलक्या रेघा आणि छोटा ओठ असेल, गाडी बहुतेक सपाटीवर आणि हलक्या लोडवर फिरत असेल, तर टर्निंग ठीक आहे आणि स्वस्त पण पडतं. पण ड्रम पातळ झाला की तो लवकर तापतो, आणि भरल्या गाडीने आंबा घाट किंवा आंबेनळी उतरताना नेमकं तेच नको असतं. निळे डाग, उन्हाने भेगाळल्यासारखे बारीक तडे, किंवा गंजाने माप वाचताच येत नसेल तर टर्निंगचा विचार सोडा.

नव्या ड्रमच्या बाबतीत एकच आग्रह धरा, दोन्ही बाजू एकदम करा. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे जुना ठेवला तर ब्रेक मारल्यावर गाडी ओढते. व्हील सिलेंडरचं रबर उचलून बघा, आत ओल दिसली की सिलेंडर बदला, आतून गंजलेल्या सिलेंडरमध्ये नुसता रबर किट टाकला तर थोड्या दिवसात परत गळतो आणि नवे लायनर तेलाने वाया जातात.

डिस्कचं आकर्षण मला कळतं. उष्णता उघड्यावर निघून जाते, पाण्यातून गेल्यावर लवकर सुकते, पॅड बदलणं सोपं. पण ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप जास्त दाबला जातो, डिस्कला ही मदत नसते, त्यामुळे तिला जास्त दाब आणि कॅलिपरप्रमाणे (डिस्कला पॅडने चिमटणाऱ्या भागाप्रमाणे) जास्त ऑइल लागतं. म्हणजे मास्टर सिलेंडर (पेडलमागचा, ऑइलला दाब देणारा), पुढचा-मागचा दाब वाटणारा व्हॉल्व्ह आणि हँडब्रेक सगळं परत जुळवणं आलं, रिमच्या आत कॅलिपर बसतो का तेही बघा. वाटणी चुकली की रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर लॉक होऊन गाडी आडवी होते. खाऱ्या हवेत कॅलिपरच्या पिना पण जाम होतात, म्हणजे गंजाचा प्रश्न तिथेही आहेच. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत बदल म्हटलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ येतं, पासिंगला आणि अपघातानंतर विम्याला उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे विकल्या गेलेल्या हायलक्स आणि व्ही-क्रॉससारख्या महागड्या पिकअपला पण मागे ड्रमच आहेत, ते उगाच नाही.

डिस्कचे पैसे वाचले की त्यातून दोन कामं करा. एक, ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी बदला. ते हवेतला ओलावा शोषतं, डॉट ३ ग्रेडचं ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही पण ओलावा शिरल्यावर ही हमी १४० अंशांवर येते, डॉट ४ ला २३० आणि १५५. घाटात पेडल मऊ पडून खाली जातं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, आणि कंपनीने चालतं म्हटलं असेल तर डॉट ४ च घ्या. दोन, मागच्या ॲक्सलपासून दाब वाटणाऱ्या व्हॉल्व्हकडे जाणारी, गाडी लोडने किती दबलीय ते त्याला कळवणारी दांडी तपासा. जास्त माल बसावा म्हणून स्प्रिंगला जादा पाटा टाकला की गाडी मागून उंच राहते, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा दाब कमी करतो, म्हणजे भरल्या गाडीला मागचा ब्रेक अर्धवट मिळतो. अशी गाडी घेऊन डिस्क मागायला येणारे बरेच असतात आणि खरं तर त्यांचं काम दांडी ॲडजस्ट करूनच होतं.

बसवताना हबच्या गोलावरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा आणि तिथे उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर द्या, लायनरला ते लागू देऊ नका. मासळीची गाडी असेल तर प्रत्येक खेपेनंतर मागची चाकं गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच थोडी चालवून ब्रेक मारून सुकवा. पावसाळ्यात गाडी दोनचार दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागा बघा, हँडब्रेक ओढू नका, गियर टाका आणि चाकाला दगड लावा.