बॅरेनबॉइम की आश्कनाझी? पियानोवरून पोडियमवर गेलेले दोघे

माझी भाची पुण्यात पियानो शिकते. पाचवी ग्रेड नुकतीच झाली. गेल्या महिन्यात तिने विचारलं, "मावशी, वर्षभर एकाच माणसाच्या मागे लागायचं म्हटलं तर कोणाच्या लागू? बॅरेनबॉइम की आश्कनाझी?" दोघेही आधी पियानोवादक, नंतर ऑर्केस्ट्राचे संचालक, म्हणजे पोडियमवर उभं राहून सगळ्या वादकांना इशारे देणारे कंडक्टर. दोघांनी केलेलं ध्वनिमुद्रण एवढं आहे की सगळं ऐकायला एक जन्म पुरायचा नाही. फोनवर सगळंच मिळतं, त्यामुळे पैशाची अडचण फारशी उरलेली नाही. प्रश्न आहे तो आपल्या कानाला आधी कोणती सवय लावायची याचा. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

डॅनियल बॅरेनबॉइम 1942 मध्ये ब्वेनोस आयरेसला जन्मले. आई-वडील दोघेही पियानो शिकवायचे. घराची बेल वाजली की दारात शिकवणीला आलेलाच कोणीतरी असायचा, त्यामुळे जगातला प्रत्येक माणूस पियानो वाजवतो असं लहानपणी त्यांना खरंच वाटे. सातव्या वर्षी पहिली जाहीर मैफल. 1952 मध्ये कुटुंब इस्रायलला गेलं आणि 1954 च्या उन्हाळ्यात, अकरा वर्षांचं हे पोर साल्झबुर्गला इगोर मार्केविच यांच्या संचालनाच्या वर्गात बसलं. पुढचं सगळं समजून घ्यायला हे लक्षात ठेवावं लागतं. त्यांच्या हाताला पियानो आणि डोक्यात ऑर्केस्ट्रा, दोन्ही जवळजवळ बरोबरच आले.

व्लादिमीर आश्कनाझींचं तसं नाही. 1937 चा जन्म, गाव गोर्की, म्हणजे आजचं निझ्नी नोवगोरोद. मॉस्को कॉन्झर्वेटरीत लेव्ह ओबोरिन यांच्याकडे तालीम. 1955 मध्ये वॉर्सॉच्या शोपँ स्पर्धेत दुसरे, 1956 मध्ये ब्रसेल्सला पहिले, 1962 मध्ये चायकोव्हस्की स्पर्धेत जॉन ऑग्डन यांच्यासह पहिले. पत्नी आइसलंडची, तीही पियानोवादक. 1963 मध्ये त्यांनी सोव्हिएत रशिया सोडला, 1972 मध्ये आइसलंडचं नागरिकत्व घेतलं. संचालनाकडे ते वळले ते पियानोवादक म्हणून जगभर नाव झाल्यानंतर.

हा फरक ऐकू येतो का? माझ्या मते येतो, आणि बीथोवनच्या चौथ्या पियानो कॉन्चेर्टोत (पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) सगळ्यात स्पष्ट येतो. भाचीला मी तेच लावून दिलं. बॅरेनबॉइम यांचं 1967 चं, ऑटो क्लेम्परर यांच्या संचालनाखाली न्यू फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रासोबत, आणि आश्कनाझींचं शिकागो सिम्फनीसोबत, संचालक गेओर्ग शोल्टी. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आधी ऑर्केस्ट्रा बोलणार आणि मग पियानो. इथे मात्र पहिले पाच बार (बार म्हणजे तालाचं एक माप) पियानो एकटाच, तोही हळू आवाजात बोलतो आणि ऑर्केस्ट्रा एकदम दूरच्या सुरात, बी मेजरमध्ये उत्तर देतो. आश्कनाझींच्या हातून हे पाच बार ऐकताना स्वराचा गोलावा आधी कानात भरतो. प्रत्येक स्वर तोलून ठेवलेला, कुठेही खडखडाट नाही. बॅरेनबॉइम तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचे आणि क्लेम्परर ब्याऐंशीचे. बॅरेनबॉइम यांचे तेच पाच बार जरा थांबून, विचार करत येतात. पुढे ऑर्केस्ट्रा काय म्हणणार आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने विचारलेला प्रश्न वाटतो तो.

दुसरा भाग त्याहून महत्त्वाचा. जेमतेम पाच मिनिटांचा. तंतुवाद्यं सगळी मिळून एकाच सुरावटीत, करड्या आवाजात हुकूम सोडल्यासारखी वाजतात आणि पियानो मऊ, गात गात उत्तर देतो. हळूहळू ती तंतुवाद्यं नमतात. क्लेम्पररांची फौज जड आणि संथ, म्हणून बॅरेनबॉइमना धीर धरावा लागतो आणि तो धीरच ऐकण्यासारखा आहे. शोल्टींचा आघात धारदार. त्याच्यासमोर आश्कनाझींचा स्वर अधिकच कोवळा वाटतो. विलंबित ख्याल ऐकून ज्यांचा कान घडलाय त्यांना बॅरेनबॉइम यांच्या वाजवण्यातली बढत ओळखीची वाटेल. एक जागा घेताना पुढच्या तीन जागा त्यांच्या मनात तयार असतात. आश्कनाझींकडे प्रत्येक जागेचं सौंदर्य त्या त्या क्षणी पूर्ण असतं.

पियानोवर बसून संचालनही आपणच करायचं, हे दोघांनीही पुष्कळ केलं. पियानोचं झाकण काढून टाकतात, पियानोची शेपटी ऑर्केस्ट्रात खुपसतात आणि वादक प्रेक्षकांकडे पाठ करून बसतो. उजवा हात वाजवत असेल तर डावा इशारा देतो, दोन्ही गुंतले तर मान आणि भुवया. बॅरेनबॉइम यांनी मोझार्टचे कॉन्चेर्टो असे इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्रासोबत केले, आश्कनाझींनी फिलहार्मोनियासोबत. इथे मी बिनदिक्कत बॅरेनबॉइम निवडते. त्यांच्या त्या मुद्रणात ओबो आणि बासून ही फुंकवाद्यं पियानोशी गप्पा मारतात. आश्कनाझींचं वादन तितकंच देखणं आहे, पण लक्ष पियानोवरून हलत नाही.

राखमानिनॉव आला की मात्र पारडं पार उलटं फिरतं. दुसऱ्या कॉन्चेर्टोची सुरुवात आठवा. पियानो एकटा, एकामागून एक भरीव कॉर्ड (एकदम वाजवलेले अनेक स्वर), प्रत्येकाच्या पाठोपाठ तळातला एक खोल स्वर, आवाज दूरच्या घंटेसारखा हळूहळू जवळ येतो. त्या कॉर्डना एवढा पल्ला लागतो की पुष्कळांचा हात पुरत नाही. आश्कनाझींचा हातही लहानच. तरीही आंद्रे प्रेव्हिन आणि लंडन सिम्फनीसोबत 1970च्या सुमारास त्यांनी केलेला चारही कॉन्चेर्टोंचा संच मला आजही अव्वल वाटतो. पुढे संचालक म्हणून त्यांनी अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाव ऑर्केस्ट्राकडून राखमानिनॉवच्या सिम्फनी वाजवून घेतल्या, त्याही तशाच दिलखुलास. एकाच रचनाकाराला दोन्ही बाजूंनी जाणणारा असा माणूस विरळा. सिबेलियसही त्यांच्याकडूनच ऐकावा.

संचालक म्हणून पदांची यादी दोघांचीही लांब आहे. आश्कनाझी लंडनची रॉयल फिलहार्मोनिक, चेक फिलहार्मोनिक, टोकियोची एनएचके, सिडनी अशा ऑर्केस्ट्रांत फिरत राहिले. कॉलरचा शर्ट आणि टाय टाळून पांढऱ्या गळाबंद वेषात ते लगबगीने पोडियमवर यायचे. ऑपेराच्या वाटेला मात्र ते फारसे गेले नाहीत. बॅरेनबॉइम पॅरिस, मग 1991 ते 2006 शिकागो आणि 1992 पासून तीस वर्षं बर्लिनचं ऑपेरागृह स्टाट्सओपेर, असे एकेका जागी मुळं धरून राहिले. वाग्नर आणि ब्रुकनर ऐकायचे असतील तर प्रश्नच नाही, बॅरेनबॉइम. 1999 मध्ये पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद यांच्यासोबत त्यांनी अरब आणि इस्रायली तरुणांचा वेस्ट-ईस्टर्न दिवान ऑर्केस्ट्रा उभा केला. 2005 मध्ये तो रामल्ला या पॅलेस्टिनी शहरात वाजला. दोन शत्रू एकाच स्टँडवरची एकच पानं वाचताहेत, हे दृश्य मी विसरू शकत नाही. आश्कनाझींच्या कामात याच्या तोडीचं काही नाही, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्या मुंबईचा एक धागा दोघांनाही जोडतो. झुबिन मेहता. आश्कनाझींनी बीथोवनचे कॉन्चेर्टो व्हिएन्ना फिलहार्मोनिकसोबत पुन्हा केले तेव्हा संचालक मेहता होते. बॅरेनबॉइम तर त्यांचे जिवाभावाचे मित्र. 1969 मध्ये लंडनला शूबर्टचं 'ट्राउट' पंचक वाजलं, तेव्हा पियानोवर बॅरेनबॉइम, चेलोवर त्यांची पत्नी जॅकलिन द्यू प्रे, सोबत इत्झाक पर्लमन आणि पिंकस झुकरमन, आणि मागे डबल बेस धरून आपले मेहता. त्याचं चित्रण उपलब्ध आहे. सगळे विशी-तिशीतले, हसताहेत, एकमेकांना चिडवताहेत आणि वाजायला लागलं की एका श्वासात वाजताहेत. भाचीने ते एका बैठकीत दोनदा पाहिलं.

आता दोघांचीही मैफल समोर बसून ऐकण्याची फारशी आशा धरू नये. आश्कनाझींनी 2020 मध्ये निवृत्ती जाहीर केली. बॅरेनबॉइम यांनी प्रकृतीमुळे 2023 मध्ये बर्लिनचं पद सोडलं आणि 2025 मध्ये पार्किन्सन असल्याचं सांगितलं.

तेव्हा माझं उत्तर असं. तुम्ही स्वतः पियानो शिकत असाल, हाताचं वळण आणि स्वराचा पोत कानात मुरवायचा असेल तर आश्कनाझी, आणि सुरुवात शोपँपासून. त्यांनी तो जवळजवळ संपूर्ण वाजवलाय. हातात वाद्य नसेल, नुसते ऐकणारे असाल आणि हे संगीत बांधलं कसं जातं ते कळावं असं वाटत असेल तर बॅरेनबॉइम. मग 2005 मध्ये बर्लिनला आठ मैफलींत त्यांनी वाजवलेल्या बीथोवनच्या बत्तीस सोनाटांचं (एकट्या पियानोसाठीच्या रचना) चित्रण रोज एक असं पाहा. भाचीसाठी मी आश्कनाझी सुचवले. तिने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, "मावशी, तो चौथ्या कॉन्चेर्टोचा मधला भाग क्लेम्परर-बॅरेनबॉइमचाच ठेवते हं." म्हटलं, ठेव.