लिंबू ठेवायला वाकलो, आकडा वाचला नाही

24 ऑक्टोबर 2023, दसरा. शोरूमच्या पटांगणात हार घातलेल्या गाड्यांची रांग लागलेली आणि मुहूर्त टळू नये म्हणून जो तो घाईत. वडिलांनी नारळ फोडला, आईने बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि पुढच्या चाकांखाली लिंबं मी ठेवली. डाव्या टायरला नाक टेकायचंच काय ते बाकी होतं. माझ्या फसवणुकीचा पुरावा त्याच टायरवर छापलेला होता. पण माझं सगळं लक्ष लिंबाकडे.

गाडी कुठल्या कंपनीची, शोरूम कुठलं ते लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. बाकी सगळं सांगतो. नारायणगाव ते वाशी मार्केट माझी खेप असते. घरचा टोमॅटो, शेजारच्या दोघांचा माल, गाडी मी स्वतः चालवतो. जुनी गाडी विकली, वर कर्ज काढलं आणि साडेनऊ लाखांची ही नवी कोरी पिकअप घेतली.

घरी येतानाच स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं. हात सैल सोडला की गाडी साइडपट्टीकडे निघालीच. सरळ जायचं तर स्टिअरिंग जरासं उजवीकडे धरून ठेवायचं. साठच्या पुढे थरथर सुरू. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणे, "दादा, नवीन गाडी आहे, हजार किलोमीटर होऊ द्या, सेट होईल." दुसऱ्या वेळी म्हणे, "रस्त्यालाच डावीकडे उतार असतो." आता हे खोटं नाही. पाणी निघून जावं म्हणून रस्त्याला उतार देतात आणि थोडी ओढ कुठल्याही गाडीला लागते. पण सत्तर क्रेट भरून माळशेज उतरताना, डावं वळण संपलं तरी स्टिअरिंग परत फिरत नाही, दोन्ही हातांनी ओढून आणावं लागतं, तेव्हा तो उताराचा दोष नसतो. त्या रात्री घाटाच्या पायथ्याला गाडी लावून दहा मिनिटं नुसता बसलो होतो.

चार महिन्यांत पाच वेळा गाडी त्यांच्याकडे नेली. दर वेळी अलाइनमेंट, बॅलन्सिंग, एक ट्रायल आणि "आता मक्खन झाली." खरंच दोन दिवस बरी चालायची, मग पुन्हा तेच. यातली मेख मला पेट्रोल पंपावर कळली. हवा भरणारा पोरगा म्हणाला, "शेठ, डाव्या पुढच्या चाकात उजव्यापेक्षा बारा पौंड हवा जास्त आहे, कोणी भरली?" गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते. म्हणून डावीकडची ओढ लपवायची तर डाव्या टायरात हवा ठासायची, खर्च शून्य. मी पंपावर हवा सारखी करून घ्यायचो आणि माझ्याच हाताने त्यांची "दुरुस्ती" काढून टाकायचो! पाचव्या वेळी परतताना गेटबाहेर लगेच हवा मोजली, मीटरचा फोटो काढला. पुन्हा तोच फरक.

सात हजार किलोमीटरलाच डाव्या टायरची आतली कड गोटा झाली. मग गाडी आळेफाट्याच्या एका मिस्त्रींकडे नेली. वय साठीचं, बोलणं कमी. त्यांनी संगणक लावला नाही, ओळंबा लावला. सपाट फरशीवर गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यातून ओळंबा सोडला, खाली खडूच्या खुणा केल्या, गाडी मागे घेतली आणि टेपने पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर मोजलं. डावीकडे ते 16 मिलिमीटरने कमी.

"अ‍ॅक्सल डावीकडून मागे सरकलाय. अलाइनमेंटवाला टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर, तेवढा फिरवणार, त्याने हे कसं जाईल?" असं म्हणत ते बॅटरी घेऊन खाली शिरले. डाव्या पाट्याच्या, म्हणजे अ‍ॅक्सल धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, पुढच्या ब्रॅकेटवर काळा रंग ताजा, चकचकीत. बाकीच्या चासीवर कंपनीचा मळकट रंग. नव्या रंगाचा ओघळ बोल्टच्या आट्यांतही सुकलेला. बाहेर येऊन म्हणाले, "गाडी ठोकलेली आहे बाळा. तू नाही ठोकलीस ना?"

मग त्यांनी टायर वाचायला शिकवला. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या तीन टायरवर 1923, म्हणजे 2023 चा एकोणिसावा आठवडा, मे महिना. आरसीवर गाडीची बनावट जून 2023. इथवर जुळलं. डाव्या पुढच्या टायरवर 3523, म्हणजे ऑगस्टची अखेर. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा हा टायर जन्मालाच आला नव्हता. मधल्या काळात कुठेतरी डावं चाक आदळलं, टायर बदलला, ब्रॅकेटला रंग फासला आणि दसऱ्याच्या गर्दीत गाडी माझ्या गळ्यात मारली.

शोरूमच्या मॅनेजरने सरळ हात वर केले. "टायर तुम्हीच बदलला असेल." इथे माझी भाची कामाला आली. तिने त्या दिवशी चाकाखालच्या लिंबाचा फोटो काढला होता, उगाच, पोरं काढतात तसा. मोठा करून पाहिला तर लिंबाच्या वर तिरके, पण स्पष्ट आकडे: 3523. मॅनेजर बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिला, मग चहा मागवला. चहा पिता पिता म्हणाला, अ‍ॅक्सल आणि पाटे फुकट बदलून देतो, फक्त "माझी काही तक्रार नाही" एवढ्यावर सही करा. चहा तसाच ठेवून उठलो.

माझी खरी चूक टायरची नाहीच, जॉबकार्डांची आहे, म्हणजे गाडी कामाला घेताना तक्रार आणि काम लिहितात त्या कागदांची. पाचही जॉबकार्डं काढून बघितली तेव्हा पायाखालची जमीन सरकली. "स्टिअरिंग डावीकडे ओढतं" हे एकावरही नाही. दोनांवर "नियमित तपासणी", तिनांवर "ग्राहकाच्या विनंतीवरून अलाइनमेंट", आणि सगळ्यांखाली "काम समाधानकारक" यावर माझी सही. कागदावर बघाल तर मी हौसेने अलाइनमेंट करत फिरणारा माणूस! तक्रार आपल्या शब्दांत लिहून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. लिहीत नसतील तर काउंटरवरूनच त्यांना ईमेल करा, तारीख आपोआप पडते.

त्यांच्या वकिलाचा पहिला मुद्दा असा, की पिकअप व्यापारी वापराची, म्हणून मी ग्राहकच नाही. हे ऐकून पुष्कळ जण घरी बसतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी वापरात धरत नाहीत. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगातही करता येते, मुदत दोन वर्षांची. माझ्या रकमेला फी 200 रुपये लागली. सुरुवातीला 1915 या हेल्पलाइनवर नोंद केली होती, तिचा क्रमांक जोडला. गाडी तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी असा अर्जही दिला आहे, कारण मिस्त्रींचा ओळंबा मला पटला तरी समोरचा वकील त्याला हसतो.

गोव्यात एका ग्राहकाला 2011 मध्ये नवी म्हणून 2009 सालची, 622 किलोमीटर पळालेली गाडी दिली होती. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातून कंपनीला मोकळं केलं, कारण डीलरचा उद्योग कंपनीला माहीत होता हे सिद्ध झालं नाही. म्हणून मी प्रत्येक पत्र कंपनीलाही पाठवलं आहे. उद्या "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणायला नको.

गाडी अजून चालवतोय. हप्ता थांबत नाही.

गेल्या महिन्यात मावसभावाने दुसऱ्या शोरूममधून पिकअप घेतली. पासिंगला कागद जायच्या आधीच आम्ही यार्डात गेलो. तो चासी नंबर लिहून घेत होता, मी मोबाइलची बॅटरी लावून एकेक टायर वाचत होतो. स्टेपनीसकट पाचही जुळले. मग पाटे बघायला खाली झोपलो. सेल्समन वरून म्हणाला, "शेठ, मुहूर्त निघून जाईल."

म्हटलं, जाऊ दे.