नियमशास्त्राच्या आधाराने की विश्वासाने मोकळं? ख्रिस्ती जीवनाच्या दोन वाटांचा तुलनात्मक आढावा

ख्रिस्तावर विश्वास ठेवला, बाप्तिस्माही झाला, की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: आता काय काय पाळायचं? पवित्र दिवस शनिवार की रविवार? कोणतं अन्न चालतं, कोणतं नाही? उपवास करायचे का, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, द्यायलाच हवा का? या प्रश्नांची उत्तरं देणारे दोन प्रकारचे शिक्षक भेटतात. एक म्हणतो, देवाने दिलेल्या आज्ञा पाळल्याशिवाय तुमचा विश्वास अपुरा आहे. दुसरा म्हणतो, ख्रिस्ताने तुम्हाला मोकळं केलंय, पुन्हा जोखडाखाली मान देऊ नका. दोघेही बायबल उघडूनच बोलतात, त्यामुळे ऐकणारा गोंधळतो.

मी दुसऱ्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो. पण पहिल्या बाजूची मांडणी तिच्या पूर्ण ताकदीनिशी पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. तिचं विद्रूप चित्र रंगवून मिळवलेला विजय पुढे टिकत नाही.

नियमशास्त्राची बाजू

नियमशास्त्र म्हणजे मोशेमार्फत देवाने इस्राएलाला दिलेल्या आज्ञा. यहुदी परंपरेत या आज्ञांची संख्या ६१३ मानतात. त्यातल्या २४८ ‘हे करा’ सांगणाऱ्या आणि ३६५ ‘हे करू नका’ सांगणाऱ्या. आकडा ऐकून बाहेरच्या माणसाला ओझं आठवतं, पण आतल्या माणसाची भावना तशी नव्हती. स्तोत्र ११९ पाहा. १७६ ओव्यांचं हे सर्वांत लांब स्तोत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत देवाच्या वचनात आणि नियमांत मिळणाऱ्या आनंदावर आहे. निर्गमच्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञा येतात, त्यांची सुरुवातही आज्ञेने होत नाही. मिसर देशाच्या दास्यातून मीच तुला बाहेर काढलं, हे देव आधी सांगतो. सुटका आधी, नियम नंतर.

म्हणून ‘यहुदी लोक पुण्य साठवून देवाला विकत घेऊ पाहत होते’ हे ठोकळेबाज वाक्य टाकून द्यावं. १९७७ मध्ये ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने त्या काळच्या यहुदी लिखाणाचा आधार घेऊन या समजाला मोठा धक्का दिला. करारात प्रवेश देवाच्या कृपेने होतो आणि आज्ञापालन हे त्या करारात टिकून राहणं आहे, अशी ती धारणा होती, असं त्याने दाखवलं.

पहिल्या शतकात गलतीया (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) इथल्या, पौलाने स्थापलेल्या मंडळ्यांत जे शिक्षक आले, तेही ख्रिस्ताला नाकारणारे नव्हते. त्यांचं म्हणणं साधं होतं. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याची लेकरं व्हायचं तर अब्राहामाची खूण, म्हणजे सुंता, अंगावर हवी. उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात तिला सर्वकाळच्या कराराची खूण म्हटलं आहे. येशूची स्वतःची सुंता झाली होती. नियमशास्त्र रद्द करायला नव्हे तर पूर्ण करायला आलो, हे शब्दही त्याचेच. हा युक्तिवाद मुळीच पोकळ नाही.

पौलाचं उत्तर

प्रेषित पौल गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात या शिक्षकांना त्यांच्याच ग्रंथातून उत्तर देतो. उत्पत्तीचा पंधरावा अध्याय सतराव्याच्या आधी येतो! अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व असं गणलं गेलं, तेव्हा त्याची सुंता झालेली नव्हती. सीनाय पर्वतावरचं नियमशास्त्र तर पौलाच्या हिशोबाने अभिवचनानंतर ४३० वर्षांनी आलं. नंतर आलेली गोष्ट आधीचं वचन रद्द करू शकत नाही. मग नियमशास्त्र आलं कशाला? इथे तो त्याच्या वाचकांच्या घरातलं उदाहरण देतो. ग्रीक-रोमन घरांत मुलाला शिक्षकाकडे नेणारा, त्याच्या वागण्यावर नजर ठेवणारा एक दास असे. नियमशास्त्र हे तसं बालरक्षक होतं. मूल मोठं झालं की त्याचं काम संपतं. तो वाईट होता म्हणून नाही, त्याचं काम पूर्ण झालं म्हणून.

दोन्ही बाजूंतला खरा फरक इथे कळतो. आज्ञा चांगल्या की वाईट, हा वादच नव्हता. देवाच्या घरात मूल म्हणून माझी जागा कशाने ठरते, हा वाद होता. एका बाजूचं उत्तर: ख्रिस्त आणि पाळणूक. दुसऱ्या बाजूचं उत्तर: ख्रिस्त. पाळणूक दुसऱ्या बाजूलाही असते, पण ती मुलाने घरात राहून केलेली असते. घरात येण्याचं भाडं म्हणून ती भरायची नसते.

अंत्युखियातली पंगत

तुलना करायला मला सर्वांत उपयोगी वाटतो तो गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला प्रसंग. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही लोक आले, आणि सुंतावाल्यांच्या भीतीने पेत्र हळूहळू वेगळा बसू लागला. बाकीचे यहुदी विश्वासी त्याच्या मागे गेले, पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा ओढला गेला. पौलाने पेत्राला सर्वांसमोर जाब विचारला.

पेत्राने इथे शिकवण बदलली नव्हती. ख्रिस्ताविषयी त्याचं एकही वाक्य बदललं नसेल. फक्त बसायची जागा बदलली. पण त्या जागेने पलीकडच्या भावाला सांगितलं की तू अजून पूर्ण आत आलेला नाहीस. स्वतःपुरता पाळलेला नियम कधी दुसऱ्याला मोजायची पट्टी होतो, हे पाळणाऱ्याला कळतच नाही. पेत्रासारख्या माणसाला कळलं नाही, तिथे आपली काय कथा? कोणतीही मंडळी निवडताना मी आधी हे पाहीन: नियम न पाळणाऱ्याला ती कुठे बसवते?

याच पौलाने एका बाबतीत ठाम नकार दिला आणि दुसऱ्या बाबतीत होकार. त्याचा ग्रीक सहकारी तीत याच्या सुंतेसाठी दडपण आलं तेव्हा तो क्षणभरही नमला नाही. दुसरा सहकारी तीमथ्य याची आई यहुदी होती आणि त्याला यहुद्यांमध्ये काम करायचं होतं, तेव्हा पौलानेच त्याची सुंता केली. कृती एकच. तारणाची अट म्हणून ती लादली जात होती तिथे नाही, दुसऱ्यांसाठी आपणहून करायची होती तिथे होय. म्हणजे नियम न पाळण्याचा अभिमान हेही स्वातंत्र्य नव्हे. ख्रिस्तात सुंतेला महत्त्व नाही आणि बेसुंतेलाही नाही, प्रीतीतून काम करणाऱ्या विश्वासाला आहे, असं तो स्पष्ट लिहितो.

इसवी सन ४९ च्या सुमारास यरुशलेमात प्रेषित आणि वडील बसले, तेव्हा निर्णय याच दिशेने झाला. जे जोखड आपले पूर्वज आणि आपण वाहू शकलो नाही ते शिष्यांच्या मानेवर का ठेवता, असं तिथे पेत्रानेच विचारलं. परराष्ट्रीयांना सुंतेची सक्ती झाली नाही. मूर्तींना अर्पिलेलं, रक्त, गुदमरून मेलेल्या प्राण्याचं मांस आणि जारकर्म यांपासून दूर राहा, एवढंच कळवलं गेलं.

घसरलात तर काय होतं

चांगल्या दिवशी दोन्ही वाटांवरचे लोक सारखेच दिसतात. फरक अपयशाच्या दिवशी कळतो.

नियमांची वाट स्पष्ट असते, आणि हे तिचं मोठं बळ आहे. कुठे उभे आहोत ते कळतं, सवयी लागतात, समुदायाला एक आकार येतो. पण देवाने स्वीकारणं जर पाळणुकीवर टेकलेलं असेल, तर जमलं तेव्हा गर्व येतो आणि जमलं नाही तेव्हा निराशा. सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर तरुणपणी एर्फुर्टच्या मठात उपवास, जागरणं आणि लांबलचक पापकबुली करूनही शांत होऊ शकला नाही. १५२० मध्ये ख्रिस्ती स्वातंत्र्यावर लिहिताना त्याने दोन विधानं शेजारी शेजारी ठेवली: ख्रिस्ती माणूस सर्वांचा स्वतंत्र धनी आहे, कोणाच्याही अधीन नाही, आणि ख्रिस्ती माणूस सर्वांचा सेवक आहे, सर्वांच्या अधीन आहे. पहिलं विधान विश्वासामुळे खरं, दुसरं प्रीतीमुळे.

विश्वासाच्या वाटेवर पडलेला माणूस पश्चात्ताप करतो तो लेकरू म्हणून, नोकरी गमावलेला माणूस म्हणून नव्हे. त्यामुळे लपवण्याची गरज कमी होते. माझ्या मते माणूस आतून बदलतो तो इथेच.

या वाटेचा धोकाही खरा आहे. करिंथ शहराच्या मंडळीत ‘सर्व गोष्टींची मोकळीक आहे’ ही घोषणाच झाली होती. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय, हा प्रश्न पौलाला रोमकरांना लिहिताना घ्यावाच लागला. लूथरच्याच सहकाऱ्यांपैकी योहान आग्रिकोलाने, विश्वासणाऱ्यांना नियमशास्त्र शिकवायची गरज नाही, अशी भूमिका घेतली आणि १५३७ पासून लूथर त्याच्याविरुद्ध जाहीर वाद घालत राहिला. स्वातंत्र्य देहवासनांना संधी देण्यासाठी नाही, प्रीतीने एकमेकांचे दास व्हा, असं पौल गलतीकरांनाच सांगतो. ज्या मंडळीत हे अर्धं वाक्य गाळलं जातं, तिथून दूर राहावं.

याकोबाचं काय?

विश्वासाच्या बाजूला अडवायला याकोबाचं पत्र हमखास काढलं जातं: मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे तर क्रियांनी नीतिमान ठरतो. पण याकोबाच्या समोर कोण आहे ते बघा. उघड्या, उपाशी भावाला ‘सुखाने जा’ म्हणून रिकाम्या हाताने पाठवणारा माणूस आहे. सुंता आणि अन्नाचे नियम यांचा तिथे विषयच नाही. अब्राहामाचं उदाहरण दोघेही देतात, पण प्रसंग वेगळे. पौल मूल होण्याआधीचा विश्वास दाखवतो, याकोब इसहाकाला वेदीवर ठेवण्याचा प्रसंग. पुढे मंडळ्यांमध्ये यावरून मोठी फूट पडली. १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या त्रेंत इथल्या धर्मसभेने लूथरच्या पक्षाच्या मांडणीविरुद्ध ठराव केला, आणि १९९९ मध्ये आउग्सबुर्गला लूथरन व कॅथलिक प्रतिनिधींनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण कृपेनेच स्वीकार होतो आणि त्यातून सत्कृत्यं होतात, हे दोघांनी एकत्र म्हटलं.

निवडताना

बाहेरच्या सवयीवरून बाजू ओळखू नका. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या पंथाचे ख्रिस्ती शनिवार पाळतात आणि तारण कृपेने आहे असंही शिकवतात. उलट, एकही सण न पाळणारी मंडळी कपडे आणि करमणूक यांच्या अलिखित नियमांनी माणसांना तोलत असू शकते. शिक्षकाला सरळ विचारा: मी हे पाळलं नाही, तर देवासमोर माझी जागा काय? ‘कमी’ असं उत्तर आलं, तर तुम्ही गलतीयात आहात. ‘तीच, पण याने तुला मदत होईल’ असं आलं, तर तो उपवास किंवा तो नेम खुशाल करा.

व्यसनातून बाहेर पडणाऱ्याने कडक नियम जरूर ठेवावेत, आधार म्हणून. वर्षानुवर्षं दोषभावनेत जगलेल्याने मात्र नवा नेम हाती घेण्याआधी गलतीकरांस पत्र सबंध वाचून काढावं. सहाच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात.

घरात एकाचं मत एक आणि दुसऱ्याचं दुसरं असेल, तर रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय दोघांनी मिळून वाचावा. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, हे तिथे दोन्ही बाजूंना सारखंच सांगितलंय. तुमची स्वतःची खात्री अजून झाली नसेल, तर कोणाच्या आग्रहाखातर खाऊ नका, कोणाच्या भीतीने दिवसही पाळू नका. वाचा, प्रार्थना करा, थांबा. खात्री झाली की मग त्याप्रमाणे चाला आणि ती दुसऱ्यावर लादू नका.